न्यायमूर्ती निवडताना कारण लिहा, आणि ते आम्हाला वाचू द्या

लॉ_कॉलेज_चौक (धागाकर्ता)

या विषयावर नागपूरकरांनी गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

गेल्या काही वर्षांत आपल्या बारमधून, म्हणजे नागपूरच्या वकीलवर्गातून, दोन सरन्यायाधीश झाले. शरद बोबडे नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१, आणि मूळचे अमरावतीचे पण वकिली इथल्या खंडपीठात केलेले भूषण गवई मे ते नोव्हेंबर २०२५. त्याआधी हिदायतुल्ला. १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. अभिमान वाटतोच. पण या माणसांना का निवडलं आणि त्याच वेळी रांगेत असलेल्या दुसऱ्या कोणाला का नाही, हे सांगणारा कागद आपण कधी वाचला आहे का?

बोबडे साहेबांच्या कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयासाठी एकाही नावाची शिफारस झाली नाही. जागा रिकाम्या होत्या. कॉलेजियममध्ये, म्हणजे नावं ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटात, एकमत नव्हतं असं पेपरांनी लिहिलं, अधिकृतपणे कोणी काही सांगितलं नाही. पुढे रमणा सरन्यायाधीश झाले आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला एकदम नऊ न्यायमूर्तींनी शपथ घेतली, त्यात तीन महिला होत्या. मधल्या काळात काय अडलं होतं आणि नंतर ते कशाने सुटलं? गवई साहेबांच्या काळात, ऑगस्ट २०२५ मध्ये, न्या. नागरत्ना यांनी कॉलेजियमच्या एका शिफारशीला लेखी विरोध केला. वेबसाइटवरच्या ठरावात त्या विरोधाचा उल्लेखही नव्हता. बातम्या आल्या म्हणून आपल्याला कळलं. दोघंही आपली माणसं आहेत, म्हणूनच मी हे आधी लिहितो आहे. दुसऱ्याच्या दारातला कचरा दाखवणं सोपं असतं.

आता दुसरी बाजू, म्हणजे सरकार. घटनेच्या १२४ आणि २१७ या कलमांप्रमाणे नेमणूक राष्ट्रपती करतात, न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून. त्या सल्ल्याला शेवटचा शब्द मानायचं हे १९९३ च्या निकालाने ठरवलं, आणि १९९८ मध्ये आजच्या कॉलेजियमचं स्वरूप पक्कं झालं. कॉलेजियमने तेच नाव दुसऱ्यांदा पाठवलं की सरकारने नेमणूक करायची, असा नियम. पण किती दिवसांत, ते लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे सरकारला नाही म्हणावंच लागत नाही, फाईल ठेवून दिली की काम झालं. दिल्लीचे सौरभ कृपाल यांचं नाव कॉलेजियमने नोव्हेंबर २०२१ मध्ये पाठवलं, जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा पाठवलं, तरी नेमणूक नाही. मुंबईचे ज्येष्ठ वकील राजेश दातार यांची शिफारस सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. पुढच्या वर्षापर्यंत काही हललं नाही, शेवटी त्यांनी आपली संमतीच मागे घेतली. नाव गेलं की वकील नवीन प्रकरणं घेणं थांबवतो, जुनी दुसऱ्याकडे सोपवू लागतो. त्याला असं महिनोन्‌महिने टांगून ठेवायचं, मग चांगली माणसं हो म्हणतीलच कशाला?

याच बोबडे साहेबांच्या पीठाने एप्रिल २०२१ मध्ये, अगदी निवृत्तीच्या तोंडावर, मुदती घालून दिल्या. आयबीचा (केंद्राच्या गुप्तचर खात्याचा) उमेदवाराबद्दलचा अहवाल चार ते सहा आठवड्यांत, त्यानंतर सरकारने फाईल आठ ते बारा आठवड्यांत पुढे पाठवायची, आणि नाव दुसऱ्यांदा गेलं तर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक. आपल्या माणसाचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. त्या मुदती पाळल्या गेल्या असत्या तर दातारांवर ती वेळ आली नसती.

माझं म्हणणं एवढंच आहे. न्यायमूर्तींनी न्यायमूर्ती निवडावेत की सरकारने, यावर वाद खुशाल घाला. पण निवडणारा कोणीही असो, त्याने कारण लिहिलं पाहिजे, फाईल कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे ते दिसलं पाहिजे, आणि अडवायची असेल तर अडवणाऱ्याने सही करून अडवली पाहिजे.

---

अंबाझरी_सकाळ

कळकळ पटली, पण रोगाचं मूळ तुम्ही बाजूला ठेवता आहात. न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडायचे, हे जगात किती ठिकाणी चालतं? २०१४ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ९९ वी घटनादुरुस्ती केली, निम्म्याहून अधिक राज्यांनी तिला मान्यता दिली. तिने कॉलेजियमच्या जागी आणलेल्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन नामवंत व्यक्ती असणार होत्या. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ती दुरुस्ती रद्द केली. म्हणजे आपल्या अधिकाराबद्दलचा निवाडा स्वतःच दिला. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला यात काहीच जागा नको का?

---

लॉ_कॉलेज_चौक

जागा हवी, पण त्या कायद्यात कोणत्याही दोन सदस्यांचा विरोध झाला की नाव पडणार होतं. म्हणजे कायदामंत्री आणि एक नामवंत व्यक्ती मिळून तिन्ही न्यायमूर्तींचं मत अडवू शकत होते. आणि कारणं लोकांपुढे मांडायची सक्ती त्यातही नव्हती. खोलीत माणसं वाढली असती, दार बंदच राहिलं असतं.

सरकारच्या हातात सगळं होतं तेव्हा काय झालं तेही आठवा. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारतीचा, म्हणजे घटनेचा मूळ गाभा संसदेला बदलता येत नाही असं सांगणारा, निकाल लागला आणि लगेच शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केलं. आणीबाणीत स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येते असं ज्या उच्च न्यायालयांनी सांगितलं, त्यात आपलं नागपूर खंडपीठ होतं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे निकाल फिरवले. एकट्या न्या. हंसराज खन्नांनी विरोधी मत दिलं आणि १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं. तेव्हाही कोणी कारण लिहून दिलं नव्हतं.

२०१५ च्या त्या निकालात ज्या एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, ते चेलमेश्वर. पुढच्या वर्षी त्यांनी कॉलेजियमच्या बैठकांना जाणं बंद केलं. चर्चेची लेखी नोंद राहत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. आतला माणूस हे सांगत होता.

---

सदरची_सई

या धाग्यावर न्या. पुष्पा गनेडीवाला यांचं नाव यायलाच हवं, कारण ते आपल्याच खंडपीठात घडलं.

जानेवारी २०२१ मधला त्यांचा तो पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा, निकाल. कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कलमात बसत नाही, असा. मी एका मुलीची आई आहे, तो निकाल वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि नोव्हेंबरात तो रद्द केला. इथपर्यंत व्यवस्था जशी चालायला हवी तशी चालली. चुकीचा निकाल अपिलात दुरुस्त झाला.

पण मधे काय झालं? त्या अतिरिक्त न्यायमूर्ती होत्या. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने त्याच महिन्यात केली होती, ती मागे घेतली. मग दोन वर्षांऐवजी एकाच वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. शिफारस मागे घेण्याची कारणं लोकांसमोर कोणी मांडली? निकालाबद्दलचा माझा राग आजही तसाच आहे, पण एखाद्या निकालामुळे न्यायमूर्तीचं पद जात असेल तर उद्या सरकारला न आवडणारा निकाल देणाऱ्या अतिरिक्त न्यायमूर्तीचंही जाऊ शकतं. आणि कामाचं मूल्यमापन करून हे ठरलं असेल तर ते मूल्यमापन शिफारस करण्याआधी का दिसलं नाही?

---

बारमधला_ज्युनिअर

सईताईंच्या मुद्द्याला जोडून. अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीट माहीत नसतं. कलम २२४ प्रमाणे काम वाढलं तर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी त्यांना नेमायचं. व्यवहारात आता जवळपास प्रत्येक जण आधी अतिरिक्त होतो आणि मग कायम. म्हणजे पहिली दोन वर्षं ती व्यक्ती सरकारविरुद्धची प्रकरणंही ऐकते आणि तिची स्वतःची फाईलही त्याच सरकारकडून जायची असते. हायकोर्टातला सगळ्यात मोठा पक्षकार कोण, तर सरकारच.

रस्ता असा आहे: हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं ठरवतात. ती राज्य सरकारकडे, तिथून केंद्राच्या कायदा मंत्रालयाकडे, मधे आयबी, मग सर्वोच्च न्यायालयाचं तिघांचं कॉलेजियम, पुन्हा मंत्रालय, पंतप्रधान, राष्ट्रपती. यातल्या कोणत्याही टप्प्यावर फाईल थांबली तर ती कुठे थांबली हे नाव गेलेल्या वकिलालाही कळत नाही. बारमध्ये कुजबूज मात्र जोरात असते. कोणाचं नाव गेलं, कोणाचं परत आलं, कोणाच्या सासऱ्यांची कोणाशी ओळख. अधिकृत कारण नसलं की त्या जागी ही कुजबूज बसते आणि नंतर चांगल्या न्यायमूर्तींनाही ती चिकटते.

४ ऑगस्ट २०२३ ला न्या. रोहित देव यांनी इथे भर कोर्टात राजीनामा जाहीर केला. स्वाभिमान सोडून काम करता येणार नाही असं ते म्हणाले. नंतर पत्रकारांना वैयक्तिक कारण सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस बारमध्ये दुसरा विषयच नव्हता.

---

जुना_रोजनामा

मी कोर्टाच्या कामात आयुष्य घालवलं आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आपण सगळे उघडं करा म्हणता, पण ज्याचं नाव फेटाळलं त्याचा विचार करा. पंचवीस वर्षं वकिली केलेला माणूस. आयबीने कोणाच्या तरी सांगण्यावरून दोन ओळी वाईट लिहिल्या. त्या वेबसाइटवर गेल्या तर दुसऱ्या दिवशी त्याचे अशील त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघतील? समोरचा वकील काय म्हणेल? अशा भीतीने लायक माणूस संमतीच देणार नाही. माणसाची अब्रू एकदा गेली की कोणत्याही ठरावाने परत येत नाही. गुप्तता सगळीच वाईट हेतूने ठेवलेली नसते.

---

लॉ_कॉलेज_चौक

काका, या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप तुमचा आहे, आणि मला तो बराचसा मान्य आहे. निवड झाली त्याची कारणं सगळ्यांना दिसावीत. निवड झाली नाही त्याची कारणं त्या उमेदवाराला स्वतःला लेखी मिळावीत आणि उत्तर द्यायची संधी मिळावी. लोकांना फक्त टप्पा आणि तारीख कळली तरी चालेल.

पण उघड केल्याने माणसाचं भलं झाल्याचंही उदाहरण आहे, तेही आपल्याच हायकोर्टातलं. सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलं. सरकारने फेरविचारासाठी परत पाठवलं, कारण काय, तर समाजमाध्यमांवर त्यांनी मतं मांडली होती. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने तो आक्षेप आणि आपलं उत्तर दोन्ही जाहीर केलं. मत मांडल्यामुळे माणूस अपात्र होत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आयबीच्या गोष्टी उघड केल्या म्हणून तेव्हाचे कायदामंत्री रिजिजू नाराज झाले, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये सुंदरेसन न्यायमूर्ती झाले. आक्षेप झाकलेला असता तर त्यांच्याबद्दल लोकांनी मनाला येईल ते धरून घेतलं असतं.

---

वैनगंगाकाठ

मी भंडारा जिल्ह्यातला हाओ. तुमचं सारं वाचलं, चांगलं हाय. पन मले एक सांगा. आमची जमीन धरनात गेली. वाढीव मोबदल्याची केस बाबानं टाकली होती, बाबा गेले, आता माह्या नावानं चालू हाय. वरच्या कोर्टात अपील पडून हाय. वकीलसाहेब म्हनते, जज कमी हायेत, बोर्डावर लागत नाही. पेशीले जाचं म्हनजे एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. त्या कॉलेजियमवाल्यानं कारन लिहिलं का नाही लिहिलं, त्यानं माही केस काहून लवकर लागन?

---

बारमधला_ज्युनिअर

भाऊ, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं तुम्ही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर जागा ९४. त्यात मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सगळं आलं. त्या पूर्ण भरलेल्या मी तरी वकिलीत आल्यापासून पाहिल्या नाहीत. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे जागा कोणत्या दिवशी रिकामी होणार हे त्याच्या शपथेच्या दिवशीच माहीत असतं. तरी शिफारस उशिरा जाते आणि गेलेली फाईल वर्षभर पडते. इथे एक न्यायमूर्ती कमी झाले की त्यांच्या बोर्डावरची प्रकरणं उरलेल्यांत वाटली जातात. तातडीचे जामीन, स्थगिती, निवडणुकीचे वाद पुढे घ्यावेच लागतात. तुमच्यासारखी भूसंपादनाची जुनी अपिलं मागे सरकतात. तुम्हाला वकीलसाहेबांनी खरंच सांगितलं आहे.

कारण आणि तारीख लिहायची सक्ती झाली तर फाईल दाबून ठेवणाऱ्याला विचारता येईल की बाबा, गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत अकरा जिल्ह्यांचे लोक थांबले आहेत, तू कशासाठी थांबला आहेस? आज विचारायचं कोणाला हेच कळत नाही.

---

इंदोरा_चौक

कारणं लिहा म्हणताना निकष कोणते हेही लिहायला लावा. कायदा मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं की २०१८ पासून नेमलेल्या उच्च न्यायालयाच्या ७१५ न्यायमूर्तींपैकी अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६ आणि इतर मागासवर्गाचे ८९ आहेत. दीक्षाभूमीच्या या गावातून गवई साहेब सरन्यायाधीश झाले, देशाचे पहिले बौद्ध आणि बाळकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित सरन्यायाधीश. त्या दिवशी आमच्या वस्तीत दिवाळी होती. पण एका माणसाने आकडा बदलत नाही.

मी स्वतः वकील आहे, घरातला पहिलाच. ज्याचे वडील, काका कोर्टात होते त्याला विशीतच मोठं चेंबर मिळतं, मोठी प्रकरणं मिळतात, न्यायमूर्तींसमोर रोज उभं राहायला मिळतं. मग चाळिशीत "नाव घेण्यासारखा वकील कोण" असं विचारलं की त्याचंच नाव आठवतं. यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. पण निकष तोंडीच राहिले तर ओळखीचाच चेहरा दिसत राहणार. विधी आयोगाच्या २००९ च्या २३० व्या अहवालातही ज्या कोर्टात नातेवाईक वकिली करतात तिथेच न्यायमूर्ती होण्याबद्दल चिंता आहे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर नावांची यादी टाकली, त्यात कोणाचं न्यायमूर्तींशी नातं आहे तेही दाखवलं. न्यायमूर्तींच्या मालमत्तेचे तपशीलही तेव्हाच आले. हे चांगलं पाऊल होतं. ते पुढच्या प्रत्येक सरन्यायाधीशाच्या मर्जीवर राहू नये.

---

अंबाझरी_सकाळ

इंदोरा_चौक यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि राजकीय नात्यांचंही तसंच लिहा. २०२५ मध्ये आरती साठे यांची शिफारस झाली तेव्हा त्या पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या होत्या म्हणून गदारोळ झाला. मला विचाराल तर पक्षात काम केलं म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. पण कॉलेजियमने "हे आम्ही पाहिलं आणि या कारणासाठी बाधा मानली नाही" अशी ओळ ठरावात घातली असती तर त्यांच्यावरही अन्याय झाला नसता.

---

सदरची_सई

दक्षिण आफ्रिकेत न्यायिक सेवा आयोग उमेदवारांच्या मुलाखती उघडपणे घेतो. लोक त्या पाहू शकतात. तिथेही राजकारण शिरतं, उमेदवाराला टोचून बोललं जातं, हे सगळं आहे. इंग्लंडमध्ये २००६ पासून स्वतंत्र आयोग आहे, रिकाम्या जागांची जाहिरात निघते, वकील स्वतः अर्ज करतो. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर होण्यासाठी एमपीएससीची जाहिरात, परीक्षा, मुलाखत, गुणांची यादी. माझा भाचा त्याची तयारी करतो, मे २०२५ च्या निकालापासून तीन वर्षांच्या वकिलीची अटही परत आली. खालच्या पायरीवर इतकी तपासणी आणि वरच्या पायरीवर जाहिरातसुद्धा नाही. डिसेंबर २०२४ पासून कॉलेजियम उमेदवारांना प्रत्यक्ष भेटू लागलं, तेवढं बरं झालं.

---

जुना_रोजनामा

धागाकर्त्यांनी उमेदवाराला कारण देण्याचं जे सुचवलं ते मला चालेल. माझी हरकत तेवढीच होती. आता पुढे काय करायचं ते सांगा, नाहीतर बोलणं इथेच राहील.

---

लॉ_कॉलेज_चौक

काका, रस्ता अरुंद आहे पण आहे. २०१९ मध्ये घटनापीठाने सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराखाली येतं असं सांगितलं, आणि २०२२ मध्ये कॉलेजियमच्या फक्त अंतिम ठरावाचीच माहिती मिळेल असा निकाल आला. त्यामुळे बैठकीत कोण काय बोललं हे मागून उपयोग नाही. पण कायदा मंत्रालयाचा न्याय विभाग हे सरकारी खातं आहे. त्याला मी इतकंच विचारणार आहे: मुंबई उच्च न्यायालयासाठीच्या किती शिफारशी आज प्रलंबित आहेत, प्रत्येक कोणत्या तारखेला मिळाली, सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, आणि एप्रिल २०२१ च्या आदेशातली मुदत किती प्रकरणांत उलटली. एकाही उमेदवाराचं नाव मागणार नाही, म्हणजे काकांची काळजीही राहणार नाही. हेच प्रश्न विदर्भातल्या खासदारांना तारांकित प्रश्न म्हणून लोकसभेत विचारायला पत्राने सांगू.

---

बारमधला_ज्युनिअर

अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर करा, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. "का अडलं" असा प्रश्न घालू नका, "मत मागितलं आहे" म्हणून फेटाळतील. तारखा आणि संख्या मागा. "रेकॉर्डवर उपलब्ध असलेली माहिती" असे शब्द टाका. पहिलं अपील करावं लागेल हे धरूनच चला, त्याचा मसुदा मी करून ठेवतो.

---

वैनगंगाकाठ

माह्या नावानंही एक अर्ज टाका. ऑनलाइनचं मले जमत नाही, पोराले बसवतो संध्याकाळी. काय लिहाचं ते इथंच द्या, तो जसंच्या तसं उतरवून घेईन.